दिवस भरले

मालवणच्या किनाऱ्यावर आमचं घर. त्याच्या मागच्या पडवीतल्या खोलीत एक परदेशी बाई बरीच वर्षं भाड्याने राहायची. सलग नव्हे. व्हिसाच्या नियमात तिला एका वेळी ठरावीक महिनेच राहता यायचं. मुदत संपत आली की ती कधी कोलंबोला, कधी काठमांडूला जायची आणि पासपोर्टवर नवा शिक्का घेऊन परत यायची. मराठी ती आईकडून शिकली, मासे साफ करता करता. जायच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसून जाहीर करायची, "वहिनी, माझे दिवस भरले."

पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो. दिवस भरतात ते गरोदर बाईचे, नाहीतर मरणाऱ्याचे. आई मात्र चिडायची. "असा अभद्र बोलू नको गो. 'येतंय' म्हण." बाई पुढच्या वेळी मुद्दाम तेच म्हणायची.

मग एका वर्षी गावपळण आली. देवाने कौल दिला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन शिवेबाहेर खोपी बांधून राहतं, तीन दिवस, तीन रात्री. तेवढे दिवस गाव मेलेल्यांचं, असं जुनी माणसं मानतात. परतायचं तेही देव कौल देईल तेव्हाच. बाईला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे तुम्हालाही शिक्का घेऊन यावं लागतं तर!" म्हणाली आणि आमच्याबरोबर निघाली.

निघायच्या घाईत तिचा पासपोर्ट खोलीतल्या कपाटातच राहिला. तिचं विमान गावी परतल्यानंतरचं होतं, म्हणून कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. पण चौथ्या सकाळी देवाने कौल दिला नाही. आणखी एक दिवस बाहेरच. आणि हिची मुदत त्याच दिवशी संपत होती. चुकली तर पुन्हा या देशात पाऊल टाकता येईल की नाही, कोण जाणे.

देवाबिवाशी माझं फारसं जमत नाही. पासपोर्ट आणायला मी मोटरसायकल काढली. बाईनेच हँडल धरून मला अडवलं. "इथल्या देवाने नाही म्हटलंय," ती म्हणाली. "तिथल्या साहेबाला मी समजावीन."

साहेबाला काही ते समजलं नाही. दंड भरून, परवानगी काढून ती गेली. नंतरचा तिचा एकेक अर्ज नामंजूर होत राहिला. फोनवर दर वेळी विचारायची, माझी खोली कोणाला दिली का? मग एके दिवशी तिच्या भाचीचा फोन आला. झोपेतच गेली म्हणे. मला तिचा तो ओट्यावरचा शब्द आठवला.

पुढच्या गावपळणीला निघताना आईने मागची खोली झाडली. धुतलेली चादर घातली, तांब्या भरून ठेवला. मी कुलूप घेऊन गेलो.

"ऱ्हवांदे," आई म्हणाली. "आता तिका कोण व्हिसा इचारता?"

मी वैतागलो, नाही नाही ते बोललो. खरं म्हणजे मला भीती वाटली होती. शिवेबाहेर तिन्ही दिवस आई गावाकडे तोंड करून बसली.

परतल्यावर आमच्याकडे उंबऱ्याबाहेर थांबून मोठ्याने सांगतात, "आमी इलंव, तुमी जावा आता." आत वस्तीला आलेल्यांनी तेवढ्यात घर मोकळं करायचं. आईने पुढच्या दारी ते सांगितलं आणि एकटीच मागे गेली. मी तिच्यामागून गेलो. खोलीच्या दाराला हात लावून ती हळूच म्हणत होती, "तू ऱ्हव गो. तुजे दिवस भरूक नाय हत."

त्या खोलीला आम्ही अजून कुलूप लावत नाही. देवाबिवाशी माझं अजूनही जमत नाही. पण मागच्या पडवीत जाताना मी आधी खाकरतो.