मोफत सल्ल्याचं कूपन

फोनवर एकदा गुडघेदुखीचं काही शोधलं की महिनाभर तेलं आणि पट्टे माझा पिच्छा सोडत नाहीत. घरातले म्हणतात, काय जमाना आला! जमान्याचं मला सांगू नका. हा छळ मी सत्तरच्या दशकात, नागपुरात, स्वतःच्या हाताने ओढवला होता. तोही बहिणीवर.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. उकळती पेज सांडून तिचा दंड भाजला होता. जखम बरी झाली, पण रुपयाएवढा पांढरा डाग राहिला. आई म्हणायची, भाजल्याचाच आहे. मला मात्र कोडाची धास्ती, कारण उमरेडला आमच्यासारख्याच एका विणकर घरात तिचं लग्न ठरत आलं होतं. अशात एका मासिकात जाहिरात दिसली: पांढऱ्या डागांवर मोफत सल्ला, कूपन भरून पाठवा. कुणाला न सांगता मी ते भरलं. रुग्णाचं नाव, वय, पत्ता, डाग किती. विवाहित की अविवाहित, हेही होतं. त्यांना डागाशी मतलब की लग्नाशी, एवढा साधा प्रश्न मला पडू नये! शाळेतला निबंधही कधी लिहिला नाही इतक्या सुवाच्य अक्षरात मी सगळं खरं खरं लिहून दिलं.

पंधरा दिवसांत पहिलं पत्रक आलं, बुकपोस्टाने. बुकपोस्ट स्वस्तात जातं, पण ते उघडं ठेवावं लागतं. इथे तर पाकीटच नव्हतं. घडी घातलेला कागद, वर ताईचं नाव आणि नावाशेजारी डागाळलेल्या हाताचं चित्र. प्रताप नगरात तेव्हा घरं विरळ, नंबर कुणाला ठाऊक नाहीत. पोस्टमन साऱ्या गल्लीचं टपाल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टाकून जायचा, आणि आम्ही जाईपर्यंत ते मिठाच्या पोत्यावर पडून असायचं. मीठ कुणाला लागत नाही?

"बाबू, ताईचं डागाचं आलं गा!" दुकानदार लांबूनच ओरडायचा. मनाने वाईट नव्हता बिचारा. आपल्या मावशीला गुण आलेला एक लेपही त्याने चार गिऱ्हाइकांदेखत सुचवला.

पहिलं पत्रक आलं त्याच दिवशी मी ताईपाशी कबुली दिली. दुसऱ्या दिवसापासून ती लांब बाह्यांचं पोलकं घालायला लागली. नागपूरच्या मे महिन्यात! ते पाहून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. चिडून कंपनीला लिहिलं: नाव काढून टाका, आम्हाला काही नको. झालं, आगीत तेल. त्यांनी पत्राबद्दल आभार मानले, रुग्णाने निराश होऊ नये असं कळवलं आणि जाड पुस्तिका धाडली. मग आम्ही ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं अशा दोन औषधवाल्यांचीही पत्रकं सुरू झाली. त्यातलं एक केस गळण्यावरचं. ताईची वेणी कमरेपर्यंत होती.

उमरेडवाल्यांची एक आत्या मागच्याच गल्लीत राहायची. तिलाही मीठ लागायचं. महिन्याभरात तिकडून निरोप आला: मुलगी चांगली आहे, फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट पाठवा.

मला तर हायसं वाटलं. ताईचा दंड भाजला तेव्हा ज्यांनी मलमपट्टी केली होती, त्या डॉक्टरांकडे धावत गेलो. डाग भाजल्याचा आहे, कोड नाही, असं त्यांनी लगेच लिहून दिलं. घरी येऊन मी पाकिटावर पत्ता घालायला बसलो. ताईने तो कागद माझ्यासमोरून उचलला आणि सावकाश वाचला.

"कूपन पाठवलं तवा मले विचारलं होतं काय तू?"

"नाही."

"मंग आता तरी विचार."

"अवं, तुझ्या भल्यासाठीच करून राहिला ना तो," बाबा म्हणाले.

"तेबी भल्यासाठीच होतं, बाबा."

मी विचारलं, "पाठवू काय, ताई?"

"नको पाठवू. कोड असतं तर मी तुमची पोरगी नसती काय? ज्यायले माह्यासाठी कागद लागते, त्यायच्या घरी मले जायचंच नाही."

सर्टिफिकेट गेलं नाही. लग्न मोडलं. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. पण त्या सगळ्या प्रकरणात ताईला विचारून झालेली तेवढीच एक गोष्ट.