शेपट्यांची अक्षरं

आमच्या ह्यांचं वाटोळं एका पिंजारलेल्या ब्रशने केलं. पूर्णगडात होड्यांवर नावं रंगवायचं ह्यांचं काम. आमचं लग्न झालं त्या वर्षी शेजारच्या शिवाच्या बापाची होडी रंगवताना ब्रशचे केस फुटले आणि प्रत्येक अक्षराच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला फराटा आला. वेलांट्यांना तर मिशाच फुटल्या. हे पुसायला गेले, तोवर रंग सुकला होता. झालं. त्या मोसमात त्या होडीला सुरमई अशी लागली की साऱ्या बंदराला तीच अक्षरं हवीशी झाली.

तेव्हापासून दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी हे होड्यांखाली आडवे. एकदा हौसेने साधं, सरळ अक्षर काढलं, तर मालकाने समोर उभं राहून पुसायला लावलं. आता गुडघे गेले, हात थरथरतो. आमची लेक समीक्षा डोंबिवलीला असते, तिने कायमचं राहायला बोलावलंय. माझी पेटी कधीची भरून तयार. पण होड्यांचे मालक म्हणतात, "आप्पा, तुम्ही गेलात तर आमची नावं कोण लिवणार?" आणि हे पुन्हा ब्रश उचलतात. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

समीक्षा जाहिरातींची डिझाइनं करते. गेल्या मे महिन्यात आली, होड्यांचे फोटो काढले, त्यांत न आलेली अक्षरं बापाकडून कागदावर काढून घेतली आणि त्यांचा कॉम्प्युटरवर फॉन्ट केला. टाइप केलं की शेपट्यांसकट नाव तयार. रत्नागिरीतला स्टिकरवाला कापून देणार. "बाबा, आता सुटलात," म्हणाली. ह्यांनी त्या दिवशी दोनदा भात वाढून घेतला. मीही मनातल्या मनात गावाला रामराम केला.

पहिला स्टिकर शिवाच्या होडीला लागला. हुबेहूब. शिवा डोकं खाजवत म्हणाला, "आप्पा, बाकी झकास. पण ह्याच्यावर तुमचा हात नाय फिरलेला. शेपट्यांवरनं तेवढा ब्रश फिरवा."

मी म्हटलं, "अहो, नाही म्हणा."

"एकच तर आहे गो," हे म्हणाले, आणि बसले फिरवत.

एकच म्हणे, डोंबल! फॉन्ट मोबाइलवरनं गावोगाव गेला. जयगडच्या होड्यांना त्याच शेपट्या आणि तिथल्या मालकांनाही ह्यांचाच हात हवा. गाडी घेऊन दारात हजर. पूर्वी एक बंदर होतं, आता अख्खा किनारा मागे लागलाय. थरथरत्या हाताने शेपट्या आणखी फाटतात, तर त्याचंही लोकांना कौतुक. मला नुसता संताप येतो.

परवा हे जयगडला होडीखाली पाठीवर पडले होते. उठवायला माणूस लागतं म्हणून मीही गेले होते. तेवढ्यात समीक्षाचा फोन आला.

"बाबा, चालतोय ना माझा फॉन्ट?" पोरीने इतक्या हौसेने विचारलं की मलाच रडू आलं.

"झकास चालतोय बाय," हे म्हणाले. "मी आता मोकळाच असतो."

फोन माझ्याकडे देऊन ह्यांनी गालावर ठिबकलेला रंग पुसला आणि ब्रश मागितला. मी दिला. घरी आल्यावर पेटीतल्या साड्या परत कपाटात लावल्या.