नाव घेऊन प्रार्थना

सिंधुबाईचं नाव काढलं की माझं डोकं अजून फिरतं. पोर गेलेली आई आहे, तिच्याबद्दल जपून बोलावं, हे कळतं मला. पण राग काय विचारून येतो का?

सातपूरला आमच्या चर्चच्या मंडळीची दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. गाणी होतात, वचन वाचतात, मग ज्याला वाटेल तो मोठ्यानं प्रार्थना करतो. सिंधुबाईनं डोळे मिटले की आज कुणाची पाळी, म्हणून बाकीचे एकमेकांकडे बघायचे. ही बाई नावं घेऊन प्रार्थना करायची. प्रभू, अमक्याची दारू सोडव. प्रभू, तमकीच्या जिभेला आवर घाल. देवाशी बोलतेय म्हटल्यावर मध्येच अडवणार कोण? कुणाचा न्याय करू नका, असं पाळकबाबा सांगून सांगून दमले. त्यावर आमेनही हिचंच सगळ्यात मोठं.

माझी सृष्टी सासर सोडून आली, तेव्हा हिनं माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर बसून प्रार्थना केली, "प्रभू, लताबाईच्या सृष्टीला नांदायची बुद्धी दे." माझा नुसता जळफळाट झाला.

त्या दिवशी हिची लेक ज्योत्स्ना हिला खेटूनच बसली होती, येवल्याच्या सासरहून आलेली. नवरा मारायचा तिला. भर मे महिन्यात पोरगी मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घालून बसलीय, आणि आईला काही दिसू नये? परत जायचंच नाही, असं ठरवून आली होती बिचारी. पण आईपाशी तोंड उघडलं नाही. फक्त सृष्टीला सांगितलं, तेही कुणाला बोलणार नाहीस अशी शपथ घालून. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत गेली.

पावसाळ्यात येवल्याहून फोन आला. जिन्यावरून पडली म्हणे.

माती झाल्यावर आठवड्याभरानं सिंधुबाई माझ्या दारात उभी. कुठून तरी तिच्या कानावर गेलं होतं.

"सृष्टी, तुझ्याशी बोलली होती ना ती? मग मला का नाही गं सांगितलं? मी आई होते तिची."

सृष्टीनं माझ्याकडे बघितलं. मी खुणेनं नको म्हटलं, पण तिनं ऐकलं नाही.

"मावशी, ती म्हणाली, आईला सांगितलं तर ती शुक्रवारी सगळ्यांसमोर माझं नाव घेईल."

सिंधुबाई उंबऱ्याबाहेरच खाली बसली. तिला आत ये म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

"हो," ती म्हणाली. "घेतलं असतं मी."