न वाचलेली नऊ पानं

मेश्रामांबद्दल लिहायचं मी पंधरा-सोळा वर्षं टाळत आलो. जुन्या सहकाऱ्यांत त्यांचा विषय निघाला की मी त्यांचे दोन-तीन किस्से सांगायचो, मंडळी हसायची, आणि तेवढ्यात मी चहाचं विचारायचो. किस्से खरेच होते. पण त्यानंतर जे घडलं ते मी कधी सांगितलं नाही. आता सत्तरी ओलांडली आहे, कोण काय म्हणेल ही भीती उरलेली नाही. शिवाय गेल्या महिन्यात यातलं अर्धं काम माझ्या हातून एकदाचं झालं, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी मोकळा श्वास घेऊन लिहायला बसलो आहे.

मेश्राम प्रोग्रॅम मोठ्याने वाचायचे. तेही मराठीत, एखाद्या माणसाची हकिकत सांगावी तसे. लिहिलेलं सगळं आधी छापून घ्यायचे, पाठकोऱ्या कागदांवर, आणि शिसपेन्सिल घेऊन बसायचे. पेन्सिलीचं टोक ओळीवर ठेवून सुरू: "हा आला. कुलूप लावलं. निरोपासाठी जागा मागितली. जागा नाही म्हणे. मंग परत फिरला." इथे ते थांबायचे. ज्याने लिहिलं असेल त्याच्याकडे चष्म्यावरून बघायचे. "अन् कुलूप कोन काढून राहिलं जी?"

हे कुलूप थोडं समजावतो. एकाच सामानाला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून प्रोग्रॅम आधी कुलूप लावतो, काम करतो, कुलूप काढतो. पण काम मध्येच फसलं की तो अर्ध्यातून परत फिरतो, आणि घाईत कुलूप काढायचं राहून जातं. मग पुढचा आलेला दाराशी उभाच राहतो, त्याच्यामागचाही उभा राहतो, आणि अख्खा संगणक गोठतो. अशी चूक मेश्रामांना चार खोल्यांपलीकडून ऐकू यायची. चूक सापडली तरी 'चूक' हा शब्द ते वापरत नसत. समासात पेन्सिलीने लिहीत, 'हा घरी कसा जाईल?' ऑफिसात त्यांना सगळे कुलूपवाले म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

आमची कंपनी कर्वेनगरातल्या एका बंगल्यात होती. मी त्याआधी वीस वर्षं टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काढली होती. बाजार खुला झाला, बाहेरची यंत्रं आली, कारखान्याने आम्हाला स्वेच्छेने निवृत्त व्हायला सांगितलं, आणि मी पन्नाशीच्या अलीकडे मुलांच्या शेजारी बसून प्रोग्रॅमिंग शिकलो. मेश्राम भंडारा जिल्ह्यातले. पुण्यात येऊन बुधवार पेठेतल्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग संगणकाची कार्डं. पदवी नव्हती. पण संगणकाच्या तळाशी चालणारा जो मूळ प्रोग्रॅम, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यातला एक कर्नेल जगभरची माणसं मिळून लिहितात आणि तो कोणालाही उघडून वाचता येतो. मेश्राम दुकान बंद झाल्यावर तो वाचत बसायचे. दुसऱ्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासायचे आणि त्या माणसांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलच्या यादीवर, तोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहायचे. त्या चार ओळींमुळे आमच्या मालकांनी त्यांना शोधून आणलं. कंपनीत त्यांचा हुद्दा माझ्या दोन पायऱ्या खाली होता. त्या लिस्टवर मला कुणी ओळखतही नव्हतं.

एका परदेशी कंपनीच्या वायरलेस कार्डासाठी आम्ही ड्रायव्हर लिहीत होतो. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कर्नेल यांच्यामधला दुभाषा. लॅपटॉपच्या कडेला खुपसायचं ते कार्ड. ग्राहकाचे लोक पाहायला आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत एक फाइल उतरवून दाखवत होतो. मेश्राम मागून आले आणि त्यांनी शांतपणे कार्ड उपटून हातात घेतलं. पडदा थिजला.

"अहो मेश्राम, हे काय?" मालक म्हणाले.

"वापरनारा असाच काढते जी. तो काय लेलेसाहेबांले विचारून काढते?"

लेलेसाहेब म्हणजे मी. पाहुणे हसले, मी हसलो नाही. पुढचे आठ दिवस मी ती चूक दुरुस्त करत होतो. नंतर मालकांनी त्यांना मोठ्याने वाचताना पाहून टोमणा मारला, "काय मेश्राम, आज पोथी कुठल्या अध्यायावर आली?" मेश्राम पानावरची नजर न काढता म्हणाले, "पोथी असती तर न समजताही वाचली असती जी."

एकदा कुरिअरवाला पाकीट घेऊन आला. त्याच्या पावतीवर मागे बारीक अक्षरांत नियम छापलेले होते. मेश्राम ते वाचायला लागले. तो म्हणाला, "काका, सही करा ना, मला पुढं स्वारगेट गाठायचंय." मेश्राम म्हणाले, "तू पानी पी." सगळं वाचून झाल्यावर सही केली. तो गेल्यावर मी थट्टेने विचारलं, पाकिटात काय हिरे आहेत का. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजोबांचा अंगठा गावातल्या कुणीतरी एका कागदावर घेतला होता. कागदात काय होतं ते आजोबांना वाचता येत नव्हतं, आणि घरात कोणाला कधी कळलंच नाही. फक्त पुढच्या वर्षापासून गावाकडच्या जमिनीच्या तुकड्यावर दुसऱ्याची नांगरणी सुरू झाली. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर मेश्रामांचे वडील रात्रशाळेत जाऊन लिहायला शिकले. घरातली पहिली सही त्यांची. मुलाला अक्षरं गिरवायला देताना ते सांगायचे, "सही म्हंजे आपन तिथं होतो याचा पुरावा. तिथं नसशील तर करू नको."

मी म्हणालो, "छान वाक्य आहे." आणि चहाचं सांगायला उठलो.

त्या कर्नेलमध्ये नवीन काही घालायचं दार दोन-अडीच महिन्यांतून एकदा उघडतं आणि दोन आठवड्यांत बंद होतं. आमचा ड्रायव्हर त्या खेपेला आत गेलाच पाहिजे असं ग्राहकाने बजावलं होतं. छापील चाळीस पानं झाली होती. प्रत्येक कामाच्या खाली काही ओळी लिहायची पद्धत आहे: कोणी लिहिलं, कोणी तपासलं. तपासणाऱ्याच्या ओळीत मेश्रामांचं नाव असलं की लिस्टवरचा मेंटेनर, म्हणजे कामं आत घेणारा माणूस, फारसं खोलात जात नसे. मेश्रामांची एकतीस पानं वाचून झाली होती. त्या शुक्रवारी सकाळी गावाहून फोन आला की वडील पडले, खुब्याचं हाड मोडलं. ते दुपारच्या गाडीने नागपूरकडे निघाले. निघताना कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "नऊ पानं राहिली जी. आल्यावर वाचतो. तोवर माझं नाव टाकू नका."

चार वाजता मालक माझ्या खुर्चीपाशी आले. "लेले, आज नाही गेलं तर ग्राहक गेला. तुम्ही लिहिलंय ना? मग त्यात काय असणार आहे?"

मी ड्रायव्हर पाठवला. तपासणाऱ्याच्या ओळीत मेश्रामांचं नाव आणि त्यांचा ईमेलचा पत्ता टाकला. टाकताना मला कुरिअरवाला आठवला नाही, असं म्हणायला मला फार आवडेल. तो आठवला होता. तासाभरात उत्तर आलं: मेश्रामांनी पाहिलंय, मग घेतो. मालकांनी सगळ्यांना सामोसे आणवले.

मेश्राम तीन आठवड्यांनी परतले. वडील काठी घेऊन उभे राहायला लागले होते. त्याच आठवड्यात लिस्टवर तक्रारी येऊ लागल्या. आजूबाजूचं नेटवर्क शोधत असतानाच कार्ड काढलं की संगणक गोठतो. एक, मग चार, मग रोज. कुणीतरी लिहिलं, हे मेश्रामांच्या नजरेतून सुटलं कसं? आणि त्या मेंटेनरने सगळ्यांसमोर लिहिलं की यापुढे मेश्रामांनी तपासलेलं मी स्वतः पुन्हा तपासीन.

मेश्रामांनी ते माझ्याआधी वाचलं असणार. ते माझ्या टेबलाशी आले, गठ्ठ्यातली खालची नऊ पानं काढली, समोर बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. त्या दिवशी ऑफिसात कोणी हसलं नाही. पाचवं पान. "कुलूप लावलं. कार्डाले हाक मारली. कार्ड नाही म्हणे. मंग परत फिरला." थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. समासात 'हा घरी कसा जाईल?' लिहिलं आणि जाऊन एका ओळीची दुरुस्ती पाठवली. सोबत इंग्रजीत एवढंच: तपासणीत सुटलं होतं, दुरुस्ती जोडली आहे.

मी वाट पाहत होतो की ते खरं काय ते लिहितील. एक वाक्य पुरलं असतं: ती पानं मी वाचलेली नव्हती. ते लिहिलं असतं तर आमचं कुठलंच काम पुढे तिथे घेतलं गेलं नसतं. ऑफिसात चार तरुण मुलं नुकती लागली होती. संध्याकाळी जिन्यात मीच विचारलं, "मेश्राम, तुम्ही सांगितलं का नाही?"

ते चपला घालत होते. म्हणाले, "त्या पानांवर तुमी होते लेलेसाहेब. मी नव्हतो. सांगाचं तर तुमीच सांगा." आणि गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. वर्षअखेरीस कामगिरीच्या कागदावर मालकांनी त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'तपासणीत ढिलाई.' खाली माझी सही हवी होती. मी केली. मग मेश्रामांना तो कागद दिला, पाहिल्याची सही करायला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी सावकाश वाचला आणि सही केली. कागदात काय आहे हे वाचून केलेली, अगदी नियमाप्रमाणे. मी खिडकीबाहेर बघत होतो.

त्यानंतर त्यांनी लिस्टवर कुणाच्याही कामाखाली आपलं नाव घातलं नाही. काही महिन्यांनी नोकरी सोडली आणि बुधवार पेठेत परत गेले, एका गल्लीत छोटा गाळा घेऊन. निघताना मला पेन्सिल दिली. "आता तुमाले लागन," एवढंच म्हणाले. ती चेष्टा होती की काय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी एकही पान मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे पाठवलं नाही. पोरं मला धाकटे कुलूपवाले म्हणायची. अजूनही वीजबिल आलं की मी मोठ्याने वाचतो, आणि बायको दुसऱ्या खोलीत जाते.

त्यांच्या गाळ्याशी मी चार-पाच वेळा गेलो असेन. गर्दीतून त्यांचा आवाज यायचा, कुणाला तरी समजावत असायचे. मी शेजारच्या दुकानातून टॉर्चचे सेल घ्यायचो आणि परत यायचो. घरात एक डबाभर सेल साठले होते.

गेल्या महिन्यात मी त्या मेलिंग लिस्टवर पत्र पाठवलं. माझं पूर्ण नाव घालून लिहिलं की अमुक ड्रायव्हरखाली तपासणारा म्हणून मेश्रामांचं नाव आहे ते खोटं आहे, त्यांनी नऊ पानं वाचली नव्हती, नाव घालू नका असं सांगूनही मी घातलं. दोन दिवस काही आलं नाही. मग आताच्या मेंटेनरने लिहिलं की जुनी नोंद कुणालाच बदलता येत नाही, ती ओळ तिथे कायम राहील. पण तुमचं पत्रही तितकंच कायम राहील, आणि शोधणाऱ्याला दोन्ही सापडतील. तिसऱ्या दिवशी त्या जुन्या मेंटेनरचं उत्तर आलं. तोही निवृत्त झाला आहे. त्याने लिहिलं, मी त्या माणसावर अन्याय केला, कळवल्याबद्दल आभार. मी दोन्ही पत्रं मोठ्याने वाचली. बायको या खेपेला दुसऱ्या खोलीत गेली नाही. म्हणाली, "झालं ना आता? जेवून घ्या." त्या दुपारी मी अडीच तास झोपलो.

दुसऱ्या दिवशी ती उत्तरं छापून घेतली आणि एका पाठकोऱ्या कागदावर मेश्रामांच्याच पेन्सिलीने माफीचं लिहून घेतलं, कारण तोंडाने मला जमलं नसतं. बुधवार पेठेत गेलो. गाळ्यात मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. तिथला माणूस म्हणाला, "मेश्रामकाका का? ते गावाकडं गेले होते की. मागच्या उन्हाळ्यात वारले. तुम्हाला काही दुरुस्त करायचं होतं का?"

मी नाही म्हणालो, सेल न घेता परत आलो.

कागद अजून माझ्याकडे आहे. चार ओळींचा आहे. मोठ्याने वाचून पाहिला आहे, मध्ये कुठे अडत नाही.

'मेश्राम, ती नऊ पानं तुम्ही वाचली नव्हती. तुम्ही नको म्हणालात तरी मी तुमचं नाव घातलं, आणि तुमच्यावर आलं तेव्हा गप्प बसलो. तिथे मी होतो. मला माफ करा. – लेले'