दार लावून कानउघाडणी

माझ्या थोरल्या नणंदेची लॉन्ड्री आहे. कुणाचं चुकलं की त्या त्याला आतल्या खोलीत नेतात आणि दार लावून कानउघाडणी करतात. चारचौघांत बोलणं म्हणजे नुसते वाभाडे काढणं, त्याने माणूस सुधारत नाही, असं त्यांचं म्हणणं.

परवा इस्त्रीच्या नव्या बाईने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर जाळली. गृहस्थ काउंटरवरच तापले, "डोळे आहेत की बटणं? काढून टाका हिला!"

"भाऊ, शर्ट मी भरून देते. तिला काय बोलायचं ते मी बोलेन," नणंदबाई म्हणाल्या.

आत मी चादरींच्या घड्या घालत बसले होते. घरचीच म्हणून मला उठवलं नाही. दार लागलं आणि तोफ सुरू झाली. "इस्त्री कापडावर टेकवून फोनवर गप्पा? अगं, ती इस्त्री आहे, उशी नव्हे!" असं बराच वेळ चाललं.

बाई रडवेली झाली. "म्हणजे ताई, उद्यापासून मी यायचं नाही?"

"तसं असतं तर दोन शब्दांत आटपलं असतं. एवढा घसा कशाला कोरडा केला असता? जा, पाणी आण. तूही पी."

बाई डोळे पुसत, हसत पाणी आणायला गेली.