नेलपॉलिश लावलेल्या गोगलगायी

प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक शंखसर यांना सकाळचा चहा पिताना नेहमी खुर्चीचा हेवा वाटे. शंखशिंपल्यांचे प्राणी शिकवण्यात हयात गेल्यामुळे विद्यार्थ्यांनी त्यांना हे नाव ठेवले होते, आणि आता ते दाराच्या पाटीवर चढायचे तेवढे बाकी होते.

"खुर्चीला पाय आहेत, हात आहेत, पाठ आहे," ते पत्नीला म्हणाले, "पण पोट नाही. म्हणून ती टिकते. भूक नाही, अपचन नाही."

पत्नीने सारे आयुष्य टपालकचेरीच्या खिडकीमागे काढले होते. लोकांचे बोलणे अर्धवट ऐकून नेमके उत्तर देण्याची कला तिला तिथेच साधली होती. "हं," ती म्हणाली.

"कपाला कान आहे, पण तो ऐकत नाही. कंगव्याला दात आहेत, पण तो चावत नाही. भाषेने वस्तूंना अवयव वाटले ते सढळ हाताने. कामे नेमून द्यायला मात्र ती विसरली. आणि गंमत पाहा, मेंदू कुणालाच दिला नाही."

"तरीच ह्या घरातल्या वस्तूंचं एकमेकींशी पटतं. तो न ऐकणारा कप विसळून ठेवा."

सरांनी कप विसळला. आज त्यांचे चित्त फारसे थाऱ्यावर नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे व्याख्यान होते. इतरांनी लावलेले शोध फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. स्वतःचा म्हणावा असा एकही शोध नव्हता. तो सत्तरी उलटल्यावर लागला, आणि तोही परसातल्या कोबीच्या वाफ्यात.

त्याचे श्रेय खरे तर पत्नीच्या रागाला होते. कोबी कुरतडणाऱ्या गोगलगायी ती संध्याकाळी वेचून भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या गवतात सोडून देई. सकाळी वाफ्यात पुन्हा गोगलगायी हजर.

"ह्या त्याच आहेत, मेल्या," ती एकदा म्हणाली.

"त्याच कशावरून?" सर म्हणाले, आणि हा प्रश्न आपणच विचारला आहे हे लक्षात येऊन त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी पत्नीची जुनी नेलपॉलिशची बाटली शोधून काढली आणि एकेका शंखावर लाल ठिपका दिला.

"इतक्या वर्षांत माझ्या नखांना कधी लावून दिलं नाहीत," पत्नी म्हणाली.

"तुला कधी भिंतीपलीकडे सोडायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल ठिपक्याच्या गोगलगायी कोबीवर होत्या. तेव्हापासून सर रोज संध्याकाळी त्या स्वतःच्या हाताने पलीकडे सोडत आणि सकाळी चहानंतर वाफा तपासत. परतीचा प्रवास मात्र त्यांनी पाहिला नव्हता. उजाडण्यापूर्वीच्या दमट हवेत त्यांचा खोकला उसळे, आणि त्या वेळी दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही असा पत्नीचा हुकूम होता.

आणखी एक चमत्कार होता. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी एकही गोगलगाय परतत नसे. सरांनी यावर बरेच डोके खाजवले आणि अखेर एक उपपत्ती बसवली. पहाटे गल्लीत दुधाच्या गाड्या येतात, दुकानांची लोखंडी दारे वर जातात. त्या हादऱ्यांवरून गोगलगाय आपल्या एकुलत्या पायाने दिशा ओळखत असावी. सुट्टीला गल्ली झोपलेली, म्हणून गोगलगाय वाट चुकलेली. ही उपपत्ती सुचली त्या दिवशी आनंदाच्या भरात सरांनी दोनदा आंघोळ केली.

निसर्ग-अभ्यास मंडळाने यावरच व्याख्यान ठरवले होते. मंडळाची चिटणीस त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. कप विसळून होतो न होतो तोच तिचा फोन आला.

"सर, हॉल भरणार बरं का. एकच विचारते. त्या भिंत चढून येताना तुम्ही पाहिल्यात ना? कुणीतरी विचारेलच."

"पाहीन," सर म्हणाले. क्रियापदाचा काळ चुकला हे त्यांच्या लक्षात आले, पण फोन ठेवला गेला होता.

म्हणून व्याख्यानाच्या दिवशी, पत्नी गाढ झोपेत असताना, गळ्याला मफलर गुंडाळून सर कोबीच्या आड स्टुलावर जाऊन बसले. आकाश नुकते करडे होत होते. भिंत रिकामी होती. आणि मग भिंतीला हात फुटला.

तो हात पांढऱ्या बाहीचा होता. त्याने एक गोगलगाय भिंतीवरून अलगद खाली आणून कोबीच्या पानावर ठेवली, तिला पुढे सरकण्यासाठी जरा बोटाने ढोसले आणि दुसरी आणायला तो परत गेला. सरांना खोकला आला.

भिंतीवर शेजारच्या चष्मेवाल्यांचे डोके उगवले. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे हे मालक. छपराच्या पाण्याचा पाइप कुणाच्या बाजूला सुटतो यावरून बिनसल्यापासून दोन्ही घरांत बोलणे बंद होते.

"सर, पडलात की काय?"

"बसलोय. तुम्ही हे रोज करता?"

"दुकान उघडायला जायच्या आधी. गवतात सापडतात तेवढ्या आणून ठेवतो."

"का पण?"

"का म्हणजे? तुमच्याकडच्या पाळलेल्या दिसतात. नेलपॉलिश लावलेली गोगलगाय कुणी टाकून देईल का?"

"मला एका शब्दानं विचारायचं होतंत."

"आपलं बोलणं बंद आहे ना," चष्मेवाले म्हणाले. "बोलायचं नाही म्हणून काय तुमची वस्तू ठेवून घेऊ?"

सरांनी थोडा वेळ मफलरशी चाळा केला. मग एखाद्या आजाऱ्याची तब्येत विचारावी तसे हळूच विचारले, "आणि सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीला मी उशिरा उठतो. तोवर त्या कुठेतरी दडून बसतात."

दुधाच्या गाड्या आणि लोखंडी दारे सरांच्या डोळ्यांसमोरून मुकाट्याने निघून गेली.

पत्नी हे ऐकून पदर तोंडावर धरून हसली. मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. "ताप आलाय म्हणून कळवते मंडळाला."

"ताप नाही."

"मग जे ठरलंय ते बोला. चष्मेवाले कुणाला सांगणार नाहीत. आपल्याशी बोलत नव्हते, ते लोकांना काय सांगतील?"

सर खुर्चीत बसून राहिले. एवढ्या आयुष्यात एकच शोध, आणि त्याला पांढरी बाही निघाली. तो झाकून ठेवणे अवघड नव्हते. अडचण एवढीच होती की फळ्यावर खोटे लिहिण्याची त्यांच्या हाताला सवय नव्हती. दुपारी ते उठले, पायांत चपला घातल्या आणि बऱ्याच काळानंतर शेजारच्या फाटकाची कडी काढून आत गेले.

संध्याकाळी हॉल भरला होता. सरांनी ठिपके सांगितले, वाफा सांगितला, सुट्टीचे कोडे आणि आपली उपपत्ती अगदी सविस्तर, हादऱ्यांच्या आकृतीसह सांगितली. श्रोते माना डोलवू लागले तेव्हा ते म्हणाले, "यानंतर आज पहाटे मी प्रत्यक्ष निरीक्षण केलं. परतीचं साधन पहिल्या रांगेत बसलेलं आहे."

चष्मेवाले उभे राहिले आणि नेमके काय करावे हे न कळून त्यांनी नमस्कार केला. हॉल इतका हसला की माइक शिट्टी वाजवू लागला. सर मान खाली घालून थांबले. कान तापले होते. कपाच्या कानाचे बरे, असे त्यांना वाटून गेले. मग त्यांनी पाहिले तर चष्मेवाले एका बाईंना हात कसा खाली न्यायचा ते करून दाखवत होते, आणि सरांनाही हसू आवरेना.

"पण सर," मागून कुणीतरी विचारले, "त्या आपल्या आपण येतात की नाही?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. हे वाक्य फळ्यासमोर त्यांनी कधी उच्चारले नव्हते. "आमचे शेजारी हात आवरतील तर पाहू."

"आवरतो," पहिल्या रांगेतून आवाज आला. "पाइपचंही तेवढं पाहा."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी चष्मेवाले आपण होऊन लवकर उठले. भिंतीच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला सर. दोघांनी हात खिशात घातलेले. या खेपेला पत्नीने आपला हुकूम स्वतःच मागे घेतला होता आणि ती कढत चहा घेऊन बाहेर आली होती. लाल ठिपक्याची एक गोगलगाय गवतातून निघून भिंत चढू लागली. चहा संपला, कप गार झाले, तेव्हा ती माथ्यावर पोचली, शिंगे बाहेर काढून तिने दोन्हीकडे पाहिले, आणि अंग आत ओढून तिथेच बसली.

"दमली असेल," चष्मेवाले पुटपुटले. त्यांचा एक हात खिशातून अर्धा बाहेर आला होता.

"हात," सर म्हणाले.

हात परत खिशात गेला.