दाजींनी नापास केलेलं विमान

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा लिलाव ऐन रंगात आला होता, तेव्हा अक्काचा फोन आला. त्या गलक्यात मला काही ऐकू येईना. मी सवयीप्रमाणे खेकसलो, जरा मोठ्यानं बोल की! आणि बिचारीला ते वाक्य दोनदा बोलावं लागलं. दाजी गेले... सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि पेपर हातात येण्याआधीच गेले. महिना उलटून गेला. अजून बाजारात फोन वाजला की मी आधी गलक्यातून बाहेर पडतो, मग उचलतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, काशिनाथराव. मूळचे आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरातले, भातखाचरांच्या घरातले. उभा जन्म लहान विमानांच्या दुरुस्तीत गेला आणि निवृत्तीनंतर ते आमच्या वारूळवाडीला येऊन राहिले, कारण त्यांचं स्वतःचं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. सासुरवाडीत मुक्काम ठोकलाय म्हणून मी त्यांना चिडवायचो, तर ते उलट मलाच ‘पावणं’ म्हणायचे. मी तापट, ते थंडगार. आमचं जमलं ते त्यामुळेच असावं.

त्यांना वेड एकच होतं. विमानानं आपल्या गावात उतरायचं. त्यांची आई जिवंत असताना म्हणायची, एवढी इमानं नीट करतोस, एखादं दारात तर आण. पण त्या दरीत नुसती खाचरं आणि कडे, विमान टेकायला सपाट जागा होतीच कुठे? मग धरण झालं, घरदार बुडालं आणि त्यावर लांबच लांब सपाट पाणी पसरलं. गाव गेलं तेव्हा कुठं धावपट्टी झाली, असं ते हसत सांगायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा.

दोनेक वर्षांपूर्वी तसा योग आला. आमच्या शेजारी पुण्याच्या एका तरुणानं द्राक्षबाग घेतली होती. त्याचं स्वतःचं दोन माणसांचं छोटं विमान होतं. त्याची चाकं काढून खाली त्याला फ्लोट लावायचे होते. फ्लोट म्हणजे लांबट, बंद होड्याच, त्यांच्यावर विमान पाण्यात उतरतं. या गड्यानं जुन्या फ्लोटची जोडी आधीच विकत घेऊन माझ्या शेडमध्ये आणून टाकली आणि मग दाजींना विचारायला आला, की हे आपल्या विमानाला चालतील का! म्हणजे आधी बूट घेतले, मग पाय मोजायला बसला. जमलं तर पहिली फेरी तुमच्या गावावर आणि शेजारच्या सीटवर तुम्ही, असं त्यानं कबूल केलं. दाजींनी ठेवणीतला शर्ट काढला.

मीही बरोबर विमानाच्या हँगरमध्ये गेलो. विमानाजवळ जाताच दाजी आधी त्याच्या पोटाखाली शिरले. फ्लोटचे दांडे जिथे जोडायचे तिथला सांगाडा ठोकून पाहिला, सांध्यांतला गंज पाहिला. बनवणाऱ्यांनी असे फ्लोट लावायला मान्यता दिलीय का, ते कागदांत शोधलं. ती काही सापडेना. मग वजनं मांडायला घेतली. रिकामं विमान, फ्लोट, पेट्रोल, चालवणारा आणि सगळ्यात शेवटी स्वतः. बेरीज झाली. ती खोडून पुन्हा केली. तिसऱ्यांदा करायला बसले तेव्हा मी काय ते समजलो.

बाहेर आल्यावर म्हणाले, “उतरायला उतरंल. पण दोघं बसल्यावर उठायचं न्हाई. पाणी सोडत न्हाई लवकर, आन् म्होरं डोंगर हाय.”

माझं डोकं फिरलं. “न्हाई उठलं तर न्हाई उठलं! तुमचंच गाव हाय ना ते? ऱ्हावा तिथंच.”

ते खळखळून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “माझं भागंल, पावणं. त्या पोराचं काय? त्याची लेकरं ल्हान हायती.”

तरुणाला त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. तो बिचारा म्हणाला, मग चाकांवरच तुम्हाला गावावरून फिरवून आणतो. तेही नको म्हणाले. दारापर्यंत जाऊन घरात न शिरता माघारी यायचं, ते त्यांना नको होतं. खरं सांगतो, त्यांनी हो म्हणावं असं मला फार फार वाटत होतं, आणि आज त्यांच्या फोटोसमोर बसलं की पुन्हा तसंच वाटतं... इतकं सरळ असायची काय गरज होती हो, दाजी?

तरुण फ्लोट विसरून गेला. दाजींनी ते आडव्या पाइपांनी जोडले आणि आमच्या शेततळ्यात सोडले. तळ्याच्या तळाला अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटेल म्हणून मी बोंबललो, तर म्हणे, गळतात का तेवढं बघतो. ते बघणं दोन वर्षं चाललं. दुपार कलली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जोडीवर जाऊन बसायचे, पाय पाण्यात, तोंड मावळतीला, गावाच्या दिशेनं. अक्का पाण्याला भिते. ती काठावरूनच चहाला हाका मारायची आणि शेवटी वैतागून परत जायची.

परवा ती आपण होऊन तळ्यावर आली आणि मला म्हणाली, हात धर. मी दोर ओढून फ्लोट काठाला आणले. चपला काढून ती हळूच बसली. फ्लोट जरा दबले, डुगडुगले आणि स्थिर झाले. माझा हात सोडून तिनं आपला हात शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला.

“दोघं बसलो असतो की रे,” ती म्हणाली. “हितं कुठं उठायचं व्हतं?”